बदलून बघू!

गेल्या आठवड्यात हापिसातल्या कँटीनमध्ये एक सहकारी त्याच्या गाडीचं रडगाणं सांगत होता. २००९ सालची गाडी. सिग्नलला उभी राहिली की रेस आपोआप वर-खाली होते आणि सकाळी सेल्फ ओढत नाही. गॅरेजवाला म्हणाला, "बॅटरी बदलून बघू." बदलली. फरक शून्य. मग म्हणाला, "आयडल व्हॉल्व्ह बदलून बघू." आता येत्या शनिवारी तो बदलणार.

हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर रागाचा लवलेश नव्हता. आणि हा तोच माणूस बरं का, ज्याने मागच्या रिलीजच्या वेळी एका नव्या पोराला सगळ्या टीमसमोर झापलं होतं. पोराचा गुन्हा काय, तर बग कुठे आहे हे न शोधता त्याने चार फायलींत बदल केले आणि "आता चालतंय सर" म्हणून मोकळा झाला. तेव्हा साहेबांनी कारणमीमांसा या विषयावर वीस मिनिटं प्रवचन दिलं होतं. स्वतःच्या गाडीपाशी गेले की प्रवचन बोनेटखाली गडप!

मी त्याला हसायला नको, कारण हाच मूर्खपणा मी बावीस हजार शंभर रुपये खर्चून केलेला आहे. पण चिडायला हरकत नाही. म्हणून आजचा हा लेख.

तर मंडळी, आमच्याकडे बाबांची २००३ सालची पेट्रोल हॅचबॅक आहे. (हो, अजून आहे. नाही, विकायची नाही.) कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण यात कंपनीचा काही दोष नाही, दोष वयाचा आणि माणसांचा. बाबांनी निवृत्तीच्या आधी घेतलेली ही पहिली आणि शेवटची नवी गाडी. मार्च २०२३ मध्ये पाच हजार रुपये फी आणि वर पर्यावरण कर भरून तिचं नोंदणी-नूतनीकरण केलं, तेव्हा आरटीओतून बाहेर पडताना बाबा असे चालत होते जणू त्यांचंच आयुष्य पाच वर्षांनी वाढवून मिळालंय.

२०२५ च्या मे महिन्यात गाडीने नाटकं सुरू केली. थंड असताना ठीक. दहा-पंधरा मिनिटं चालली, इंजिन गरम झालं आणि सिग्नलला थांबलो, की रेस आपोआप १८०० पर्यंत चढायची, धप्पकन ९०० वर यायची, परत चढायची. ऍक्सिलरेटरवर पाय नाही, काही नाही. दर दोन सेकंदांनी व्रूम... व्रूम... शेजारच्या स्कूटरवाल्याला वाटायचं मी शर्यत लावतोय! त्यातच हेडलाइट लावला की प्रकाश पिवळट. हेडलाइट लावताच तापमानाचा काटाही किंचित हलायचा. सेल्फ आळसावलेला. ऍव्हरेज पंधरावरून अकरावर.

गॅरेजात नेली. मोठं, चकाचक, वातानुकूलित वेटिंग रूम आणि कॉफी मशीनवालं गॅरेज. तिथल्या सल्लागाराने माझं जेमतेम अर्धं वाक्य ऐकलं आणि म्हणाला, "बॅटरी." ४,८०० रुपये. पुढच्या फेरीत थ्रॉटल बॉडीची सफाई, १,२००. मग प्लग आणि प्लगच्या वायरी, २,४००. मग आयडल व्हॉल्व्ह, ६,२००. दर वेळी मी "हो" म्हणालो. दर वेळी गाडी त्यांच्याकडे रात्रभर असायची आणि सकाळी थंड इंजिनावर ते दाखवायचे, बघा, कशी मस्त चालतेय. दहा मिनिटांनी मी स्वारगेटच्या सिग्नलला पुन्हा व्रूम व्रूम.

आणि मग जुलैतला तो रविवार. आई-बाबांना घेऊन सासवडला मावशीकडे गेलो होतो. संध्याकाळी परत येताना दिवे घाटात पाऊस, धुकं आणि उतारावर ट्रकांची रांग. म्हणजे हेडलाइट चालू, वायपर चालू, काच पुसट होऊ नये म्हणून ब्लोअर चालू, मागच्या काचेचा डीफॉगरही चालू. खाली मस्तानी तलाव असतो, पण त्या दिवशी काहीच दिसत नव्हतं. पुढचा ट्रक हळू झाला, मी क्लच दाबला. रेस चढली, पडली, चढली, पडली. तिच्या तालावर हेडलाइट कमी-जास्त होत होते. आणि एकदा पडली ती वर आलीच नाही. इंजिन बंद.

ज्यांनी हा अनुभव घेतला नाही त्यांच्यासाठी सांगतो. ब्रेकला जी मदत मिळते ती इंजिनच्या व्हॅक्यूममधून मिळते. इंजिन बंद पडलं की साठवलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीनदा ब्रेक नीट लागतो, त्यानंतर पेडल दगड होतं. ब्रेक लागतो, पण दोन्ही पायांनी उभं राहिल्यासारखा जोर द्यावा लागतो. मला हे पुस्तकी माहीत होतं, पण घाबरून मी ब्रेक पंप केला, म्हणजे नेमकं नको ते केलं. तिसऱ्यांदा दाबला तेव्हा पेडल हललंच नाही आणि ट्रकचा मागचा फाळका हळूहळू मोठा होत चालला. हँडब्रेक ओढला. थांबलो, हातभर अंतरावर. सेल्फ मारला तर टिक. पुन्हा टिक. मागे हॉर्नचा गोंधळ. ट्रक पुढे सरकल्यावर हँडब्रेक सोडला, उतारावर गाडी सरकू दिली, दुसऱ्या गिअरला क्लच सोडला, तेव्हा चालू झाली. घरी पोचेपर्यंत मी सिग्नलला सुद्धा रेस धरून ठेवत होतो.

आई काहीच बोलली नाही. बाबा गाडीतून उतरताना म्हणाले, "विकून टाकू रे आता. उगाच कोणाचा जीव जायचा." बावीस वर्षांत पहिल्यांदा.

सोमवारी गाडी पुन्हा त्याच गॅरेजात. त्यांनी इंजिन चालू ठेवून, लाइट लावून बॅटरीवर व्होल्टेज मोजलं, १३.२. "बघा सर, १४ च्या वर पाहिजे. अल्टरनेटर गेला." मला हायसं वाटलं, चला, कुणीतरी काहीतरी मोजलं! ७,५०० रुपये. नवा अल्टरनेटर लावून पुन्हा मोजलं, १३.२. यावर त्यांचं उत्तर: "मग ईसीयूमध्ये प्रॉब्लेम असणार. अठ्ठावीस हजार. पण खरं सांगू का सर, या गाडीत आता पैसे घालू नका."

जरा थांबा इथे. एक भाग बदलला, मोजमाप तसूभरही हललं नाही. याचा अर्थ काय होतो? आधीचा भाग चांगला होता, एवढाच. तो परत लावून पैसे परत द्यायला हवेत की नाही? पण या धंद्यात चुकीच्या अंदाजाचे पैसे अंदाज करणारा भरत नाही, गिऱ्हाईक भरतं. चुकीचा अंदाज करून नफा होत असेल तर बरोबर अंदाज करायची मेहनत कोण घेईल? मी तरी घेतली नसती.

आता "आजकाल सगळं स्कॅनरवर कळतं" वाल्यांकडे वळू. स्कॅनर चांगलं यंत्र आहे, माझं भांडण त्याच्याशी नाही. पण पहिली गोष्ट, अमेरिकेत गाड्यांना प्रमाणित निदान-सॉकेट १९९६ पासून सक्तीचं झालं. आपल्याकडे त्या पद्धतीची सक्ती भारत स्टेज-४ बरोबर एप्रिल २०१० पासून आली, तीही पहिल्या टप्प्याची. दुसरा टप्पा २०१३ चा. त्याआधीच्या गाड्यांत ज्या त्या कंपनीची आपापली भाषा. त्यामुळे २००३ च्या गाडीला बाजारातला स्कॅनर लावून "कोड नाही, म्हणजे दोष नाही" म्हणणं हे बहिऱ्याला प्रश्न विचारून त्याच्या गप्प बसण्याला होकार समजण्यासारखं आहे. आणि दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. कोड आला तरी तो लक्षण सांगतो, कारण नाही. "ऑक्सिजन सेन्सरचं रीडिंग कमी" असा कोड आला तर सेन्सर खराब असेल, किंवा सेन्सर इमाने-इतबारे खरं सांगत असेल आणि मिश्रणच बिघडलेलं असेल, किंवा मधली तार. आपण मात्र कोड वाचतो आणि त्यात ज्याचं नाव आलं त्याला फाशी देतो. लॉगमध्ये ज्या फंक्शनचं नाव दिसलं तेच डिलीट करणारा प्रोग्रॅमर तुम्ही नोकरीवर ठेवाल का?

व्हॉट्सऍपवरच्या तज्ज्ञांचं निदान तर गाडी न बघताच तयार होतं: इथेनॉल! २०२५ पर्यंत पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं होतं, हे खरं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, त्यामुळे ऍव्हरेज थोडं पडणार हेही खरं. जुन्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही, ही भीतीही निराधार नाही. पण पेट्रोलच्या टाकीत काय आहे याला माझा हेडलाइट चालू आहे की बंद हे कसं कळतं? माझी तक्रार लाइट लावल्यावर वाढत होती. जे कारण लक्षणाच्या वेळापत्रकाशी जुळत नाही ते कितीही लोकप्रिय असलं तरी कारण नव्हे. पंधराचं अकरा व्हायलाही वीस टक्के इथेनॉल पुरत नाही. साधा गुणाकार आहे.

असो. ईसीयूचे अठ्ठावीस हजार ऐकून मी गाडी तिथून काढली आणि नाना पेठेत, जिथे स्पेअर पार्टची दुकानं ओळीने आहेत, तिथल्या एका गल्लीत वायरिंगचं काम करणाऱ्या काकांकडे नेली. साठीच्या पुढचे. दुकान म्हणजे एक शटर, एक स्टूल आणि भिंतीवर खिळ्याला अडकवलेला एक बल्ब. साधा इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, दोन वायरी आणि दोन चिमटे.

काकांनी बोनेट उघडायच्या आधी तीन प्रश्न विचारले. थंड असताना होतं की गरम? लाइट लावला की वाढतं का? आणि तिसरा: "हे सुरू व्हायच्या आधी गाडीचं काय काम झालं होतं?"

मी गप्प. कारण एप्रिलमध्ये आम्ही दुसऱ्या एका गॅरेजात क्लचप्लेट बदलली होती. क्लचप्लेटसाठी गिअरबॉक्स उतरवतात. अरे, शेवटचा बदल कोणता, हा प्रश्न मी रोज हापिसात दहा वेळा विचारतो! माझा अख्खा पगार त्या एका प्रश्नाचा आहे. आणि तीन महिने, पाच फेऱ्या, एवढं बिल, या सगळ्यात तो मला कोणी विचारला नाही आणि मीही स्वतःला विचारला नाही.

काकांनी गाडी गरम होऊ दिली. (वीस मिनिटं नुसती चालू ठेवली. चहा प्यायलो.) मग लाइट, ब्लोअर, डीफॉगर सगळं लावलं आणि मला मीटर धरायला सांगितलं. एक टोक इंजिनच्या लोखंडावर, दुसरं गाडीच्या बॉडीवर. म्हणजे निगेटिव्ह ते निगेटिव्ह. तिथे शून्य यायला हवं. फार तर एक-दोन दशांश. आलं ०.९ व्होल्ट.

हे नऊ दशांश म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण सगळी गोष्ट त्यात आहे. आमच्या गाडीत बॅटरीची निगेटिव्ह केबल बॉडीला बोल्ट केलेली आहे आणि बॉडीपासून गिअरबॉक्सला एक तांब्याची विणलेली पट्टी जाते, बोटभर रुंद. हीच अर्थिंगची पट्टी. वीज बनवणारा अल्टरनेटर इंजिनवर. वीज खाणारे लाइट, ब्लोअर, वायपर बॉडीवर. खाऊन झालेल्या विजेने घरी परतायचा रस्ता एकच, ही पट्टी. क्लचप्लेट बसवताना ती पट्टी गंजलेल्या जागेवर तशीच आवळली होती आणि निम्म्याहून जास्त तारा तुटलेल्या होत्या. पस्तीसेक अँपिअर करंट आणि ०.९ व्होल्ट, म्हणजे ओहमचा नियम लावला तर रेझिस्टन्स साधारण ०.०२६ ओहम. एवढासा!

मीटरवर हा सापडतो का? नाही. स्वस्त मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रेझिस्टन्स ०.२-०.३ ओहम असतो. मीटर बीपवर ठेवला असता तर खणखणीत बीप वाजला असता, कारण शंभरातली एक तार शिल्लक असली तरी बीप वाजतो. त्याच एका तारेतून पस्तीस अँपिअर जातील का, हे बीप सांगत नाही. म्हणून तार तपासायची तर तिच्यातून करंट वाहत असताना, दोन टोकांमधला व्होल्टेजचा फरक मोजून. काकांच्या भिंतीवरचा तो बल्ब काय करतो? नेमकं हेच. तो तारेकडून काम करून घेतो. बल्ब मंद लागला की तार आजारी. गल्लीतल्या अर्धशिक्षित समजल्या जाणाऱ्या माणसाचं साधन चकाचक गॅरेजातल्या बीपपेक्षा शास्त्रीय आहे, हे मला इंजिनिअर असून पन्नाशीकडे झुकताना कळलं.

आता मागची गणितं सोडवू. सेल्फची मोटर दीडशेएक अँपिअर ओढते. तो सगळा करंट याच पट्टीतून. गुणाकार केला तर जवळजवळ चार व्होल्ट पट्टीतच गळाले, बारातले. मग टिक. यावर "बॅटरी". अल्टरनेटर स्वतः १४.१ देत होता, त्यातले ०.९ वाटेत गेले, बॅटरीवर उरले १३.२. यावर "अल्टरनेटर". तोच मीटर अल्टरनेटरच्या टर्मिनलवर आणि त्याच्याच अंगावर लावला असता तर १४.१ दिसले असते आणि माझे साडेसात हजार वाचले असते. मोजलं होतं त्यांनी. पण आधी निष्कर्ष काढून मग मोजलं, आणि चुकीच्या जागी मोजलं.

आणि ऍव्हरेज? इथे माझा अंदाज सांगतो. जुन्या एकतारी ऑक्सिजन सेन्सरचा सिग्नल सगळा मिळून ०.१ ते ०.९ व्होल्टचा आणि त्याची निगेटिव्ह बाजू म्हणजे सायलेन्सरचा पाइप, म्हणजे इंजिन. ईसीयूची निगेटिव्ह बॉडीवर. दोन्हींत एक व्होल्टचा फरक पडला तर ईसीयूला बिचाऱ्याला कायम "पेट्रोल कमी पडतंय" असंच ऐकू येणार, आणि तो ओतत राहणार. अठ्ठावीस हजारांचा ईसीयू बदलला असता तर नव्या ईसीयूलाही हेच ऐकू आलं असतं.

आणखी एक गोष्ट काकांनी दाखवली. ऍक्सिलरेटरची केबल थोडी अडकायला लागली होती. मी म्हणालो, जुनी झाली असेल. ते म्हणाले, हात लाव. कोमट! पट्टीतून वाट मिळेना म्हणून थोडा करंट त्या केबलच्या लोखंडातून चालला होता. या केबली अशा आतून भाजून जाम होतात म्हणे. दिवे घाटात ती केबल अडकली असती तर... जाऊ दे.

काकांनी एक जंपर केबल घेतली, एक चिमटा इंजिनला, एक बॉडीला. हेडलाइट फटकन पांढरे झाले. ०.९ चं ०.०४ झालं. मी जवळजवळ टाळ्या वाजवल्या.

पण रेस अजून वर-खाली होतच होती.

इथे मी असतो तर जंपर काढून फेकला असता आणि म्हणालो असतो, "म्हणजे पट्टी नव्हे." आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की गाडीला एका वेळी एकच रोग होतो. बावीस वर्षांच्या गाडीला का व्हावा? सत्तरीच्या माणसाला एकच असतो का? काका काही न बोलता चपट्या तोंडाची पक्कड घेऊन इंजिनवरच्या रबरी नळ्या एक-एक करून चिमटीत दाबायला लागले. तिसरी नळी दाबली आणि रेस ८५० वर येऊन गप्प बसली. सोडली, व्रूम व्रूम. दाबली, गप्प. वाकवून बघितलं तर खालच्या बाजूला, जिथून वरून कधी दिसलीच नसती, एक बोटाच्या पेराएवढी चीर.

या चिरेतून थ्रॉटलला बगल देऊन जादा हवा आत जात होती. ईसीयू हवेच्या दाबावरून हवा मोजतो, त्यामुळे तो प्रामाणिकपणे त्या हवेपुरतं पेट्रोल देतो आणि रेस चढते. पण थ्रॉटल तर पूर्ण बंद आहे! थ्रॉटल बंद आणि रेस जास्त, याचा ईसीयूच्या लेखी अर्थ एकच: गाडी उतारावरून चाललीय, पेट्रोल वाया घालवू नका. तो पेट्रोल तोडतो. रेस पडते. ठराविक मर्यादेखाली आली की तो पुन्हा सुरू करतो. रेस चढते. आणि हे अनंत काळ. दोन अचूक नियम, एक चुकीची परिस्थिती आणि झुलणारा लोलक. थंड इंजिनाला ही मर्यादा वरची असते, म्हणून सकाळी गॅरेजात काही दिसायचं नाही. या लूपमध्ये आयडल व्हॉल्व्ह काय करणार होता? जुना पूर्ण बंद होऊन बसला होता, ६,२०० चा नवाही पूर्ण बंद होऊन बसला. दोघेही निर्दोष.

पट्टी २२० रुपये. नळी ९० रुपये. जागा घासून, रंग काढून, ग्रीस लावून बसवण्याची मजुरी ४००. एकूण ७१०.

मी हजार रुपये दिले. काकांनी मोजून २९० परत केले. मी म्हणालो, "ठेवा ना काका, दोष शोधलात त्याचे." ते म्हणाले, "बघण्याचे पैसे कोण घेतं साहेब? कामाचे झाले."

आणि इथे माझा राग त्या चकाचक गॅरेजावरून माझ्यावर, आणि माफ करा, तुमच्यावर येतो. त्या माणसाने दीड तास बघितलं. तेच तर काम होतं! पट्टी बसवायला दहा मिनिटं लागली. पण आपण "बघण्याचे" पैसे देत नाही. पाचशे रुपये तपासणी फी म्हटली की आपला चेहरा वाकडा होतो: "नुसतं बघायचे पाचशे? केलं काय तुम्ही?" तेच साडेसात हजारांचा अल्टरनेटर बिलावर आला की मुकाट्याने फोन काढून स्कॅन करतो, कारण खोक्यातून काहीतरी नवं निघालेलं डोळ्यांनी दिसतं. मग गॅरेजवाला काय करेल? ज्याचे पैसे मिळतात तेच विकेल. सुटे भाग विकेल. हुशार मेकॅनिकपेक्षा मोठं गोदाम त्याला फायद्याचं. तो लबाड आहे असं मी म्हणत नाही. तो आपण आखून दिलेल्या हिशोबात वागतो. आणि आपण कोण? ज्यांच्या कंपन्या "समस्या समजून घेण्याच्या" पहिल्या टप्प्याचं तासाला डॉलरमध्ये बिल लावतात ते लोक!

यावर मला लगेच ऐकवलं जाईल की मेकॅनिकचा वेळही महाग असतो, कधीकधी बदलून बघणंच स्वस्त पडतं. अगदी मान्य, एका अटीवर. हॉर्नचा रिले आणि पेट्रोल पंपाचा रिले सारखा असेल तर अदलाबदल करून बघा, दहा सेकंदांचं काम. दुसऱ्या गाडीचा चालू भाग लावून बघा, नाही जमलं तर जुना परत लावा आणि गिऱ्हाईकाला एक पैसा लावू नका. तो प्रयोग झाला. प्रयोगाचा खर्च गिऱ्हाईकाच्या बिलावर कायमचा चिकटवणं याला प्रयोग म्हणत नाहीत.

आणि "जुनी गाडी आहे, विकून टाक" हे तर निदान न करता आल्याचं सुशिक्षित नाव आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींची नूतनीकरण फी दहा हजार झाली, तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर पुन्हा तीच रेकॉर्ड वाजली. सुरक्षिततेचा मुद्दा मला कोणी शिकवू नये, ट्रकचा फाळका मी हातभरावरून बघितलाय. पण त्या दिवशी घाटात जे होणार होतं ते गाडीच्या वयामुळे नव्हे. एका गॅरेजाने घाणेरड्या बोल्टवर पट्टी आवळली, दुसऱ्याने तीन महिने ती बघितली नाही, आणि मी दर वेळी "किती होतील?" एवढंच विचारलं, यामुळे.

परवा सर्व्हिसिंगसाठी गाडी घराजवळच्या एका छोट्या गॅरेजात नेली. हल्ली दोन-तीन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरत होती. मालक तिशीतला पोरगा. म्हणाला, "बॅटरी बदलून..." मी म्हटलं, थांब. दोन तास बघ. आठशे रुपये देतो, काही सापडलं नाही तरी देतो, पण एकही भाग बदलायचा नाही. तो माझ्याकडे संशयाने बघत राहिला. मग आतून मीटर घेऊन आला, बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये तो मालिकेत जोडला, दारं बंद केली आणि थांबला. बंद गाडी ३०० मिलिअँपिअर खात होती. पन्नासच्या आत हवं. मग एक-एक फ्यूज काढत गेला. सेंट्रल लॉकिंगचा काढला आणि आकडा २५ वर आला. पूर्वी कधीतरी ऍक्सेसरीवाल्याने टेप गुंडाळून केलेला सांधा, डाव्या दाराच्या खालच्या ओल्या गालिच्याखाली हिरवा पडलेला.

"सर, नवा सांधा केला. बॅटरी चांगली आहे तुमची," पोरगा म्हणाला. आणि आठशे रुपये घेताना उगाचच अवघडला.

कँटीनमधल्या मित्राला मी काकांचा पत्ता दिलाय. त्याने पहिला प्रश्न विचारला, "किती घेतात?"